मुलींच्या फुटबॉल लीगचा हंगाम नेमका कधी असावा?

येळ्ळूरची_आत्या
मंडळी, फुटबॉलमधलं मला फार कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. ऑफसाइड तर पोरीनं ताटाभोवती वाट्या मांडून दाखवला तरच डोक्यात शिरतो, आणि ताट उचललं की परत जातो. पण माझी भाची गोलकीपर आहे. तिचे आईवडील दोघंही कामावर, त्यामुळं अख्खा हंगाम तिला ग्राउंडवर न्यायचं-आणायचं काम माझ्याकडं होतं. स्कूटीवर मागं ती, पुढं बॅग, आणि हँडलला केळ्यांची पिशवी.

आपल्या बेळगावकडच्या मुलींच्या लीगमध्ये सहा संघ होते. प्रत्येकाशी दोनदा खेळायचं, म्हणजे 30 सामने. लीग जूनच्या शेवटी सुरू झाली, जुलैत पावसानं बंद पडली, मग गणपती आले, मग दसऱ्याच्या सुट्ट्या. नोव्हेंबरात कुणाला तरी आठवण झाली आणि परत सुरू झाली. संपली केव्हा? दुसऱ्या पीयुसीच्या, म्हणजे बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर! शेवटच्या मॅचला आमची स्ट्रायकर हाफटाइमला फिजिक्सची वही उघडून बसली होती. आमचा नंबर चौथा आला, त्याबद्दल तक्रार नाही. पण दहापैकी तीन मॅचना आमच्या अकरा पोरी जमल्याच नाहीत. एकदा तर आठच होत्या. आठ पोरींनी नव्वद मिनिटं खेळून फक्त दोन गोल खाल्ले, त्यातला एक पेनल्टीवर.

पुढच्या हंगामाच्या तारखा ठरवायला संघवाल्यांची बैठक आहे आणि पालकांतर्फे मला बोलावलंय. मी तिथं काय सांगू? लीग कुठल्या महिन्यात असावी?

तिसरा_गेट
नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हवा छान, ग्राउंड कोरडं, डास कमी. विषय संपला.

कुंदाप्रेमी
विषय इतक्यात संपत नाही हो तिसरा गेट. मी जरा कॅलेंडर उघडून बसलो.
जून: शाळा नुकत्या सुरू, अॅडमिशनची धावपळ.
जुलै-ऑगस्ट: पाऊस. ग्राउंडवर फुटबॉलपेक्षा वॉटरपोलो बरा.
सप्टेंबर: गणपती. आपली विसर्जनाची मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालते, पोरी ढोल-ताशात.
ऑक्टोबर: दसरा, शाळांच्या स्पर्धा, सहामाही.
नोव्हेंबर: 1 तारखेला मॅच लावायची कुणाची छाती आहे? त्या दिवशी अर्धं गाव राज्योत्सवाच्या मिरवणुकीत, अर्धं काळ्या दिनाच्या. पुढं दिवाळी आणि भातकापणी.
डिसेंबर: सुवर्णसौधला विधिमंडळाचं अधिवेशन. सगळीकडं बंदोबस्त.
जानेवारी: स्नेहसंमेलनं आणि लग्नं.
मार्च: परीक्षा.
एप्रिल-मे: ऊन, जत्रा, मामाचं गाव.
उरला फेब्रुवारी. तोपण 28 दिवसांचा. 30 मॅचेस बसवा बघू!
(हलकं घ्या.)

मलप्रभाकाठ
कुंदाप्रेमी, जुलैत तुम्हाला नुसता पाऊस दिसला. आमच्या खानापूरकडं जुलै म्हणजे रोप लावणी. आमच्या संघातल्या निम्म्या पोरी तेव्हा गुडघाभर चिखलात असतात. एकीला कोचनी विचारलं, "प्रॅक्टिसला का आली नाहीस?" ती म्हणाली, "सर, सकाळपासून वाकूनच आहे, अजून कुठला स्ट्रेचिंग करू?" हसलो सगळे, पण तिनं खोटं काही सांगितलं नव्हतं.

आणि ज्यांच्या घरी लावणीला गडी लावणं परवडत नाही त्यांच्याच पोरी पळायला भारी असतात, हे माझं निरीक्षण. म्हणजे ज्या पाहिजेत त्याच नेमक्या गैरहजर.

निपाणीकर
आमच्याकडं उलटं आहे. पावसाळ्यात पोरी मोकळ्या, ऊसतोड सुरू झाली की घरात माणूस नाही. धाकट्या भावंडांना कोण बघणार? मोठी बहीण. ती बहीण म्हणजे आमची सेंटर हाफ. त्यामुळं 'नोव्हेंबर ते फेब्रुवारी, विषय संपला' म्हणणाऱ्यांनी एकदा चिक्कोडी भागात फिरून या.

तिसरा_गेट
बरं बाबा, नाही संपला.

पंचकाका
मी बरीच वर्षं शिट्टी फुंकतोय, मुलांच्या मॅचेसना जास्त, मुलींच्या अलीकडं. आधी एक तांत्रिक गोष्ट. आत्या, आठ पोरींनी खेळवली ते नियमात बसतं. सातपेक्षा कमी असतील तरच मॅच सुरू करता येत नाही. गेल्या हंगामात सहा पोरी घेऊन आलेला एक संघ माझ्यासमोर उभा होता. सातवी बसमध्ये होती. कॅप्टन मला म्हणाली, "काका, पंधरा मिनिटं." मी पंधराची वीस केली. पोरगी आली ती गणवेशातच, पाठीवर दप्तर. शिनगार्ड नव्हते. नियमाप्रमाणं शिनगार्डशिवाय खेळता येत नाही. मग समोरच्या संघाच्या राखीव पोरीनं स्वतःचे काढून दिले. मॅच झाली. ज्यांनी शिनगार्ड दिले तेच हरले, ही वेगळी गोष्ट.

आता मुद्दा. माझ्या मते गोंधळ महिन्याचा नाहीच. मुलांची लीग, मुलांच्या नाइट टूर्नामेंट, शाळांच्या स्पर्धा, टेनिसबॉल क्रिकेट ह्या सगळ्यांना तारखा देऊन झाल्या की ग्राउंड जेव्हा रिकामं राहतं, तो मुलींचा हंगाम. जून आणि मार्च का मिळाले? कारण ते दुसऱ्या कुणालाच नको होते.

येळ्ळूरची_आत्या
पंचकाका, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आम्ही बायका आपापसात म्हणत होतो की आयोजकांना नियोजन जमत नाही म्हणून. उरलेलं भात आपल्या ताटात येतंय हे दिसलंच नाही.

लेफ्टबॅक_खानापूर
मी खेळते. वय 19. सगळे आमच्याबद्दल बोलूलाल्यात म्हणून आयडी काढला :-)

जून-मार्च जाऊ दे, खरा घोळ चारचा आहे. मॅच चारला. चारला लागली तर पंचेचाळीस मिनिटं, मध्ये पंधरा, परत पंचेचाळीस, वर चार-पाच मिनिटं. म्हणजे पाच पन्नास. पण चारची मॅच चारला कधी लागते? फक्की मारायची, म्हणजे पांढऱ्या रेषा आखायची राहिलेली असते, नाहीतर कुणाची तरी नेट गाडीतून यायची असते. साडेचार धरा. डिसेंबरात सहाला अंधार. आमच्या गावाला जायची बस सहाला, त्यानंतर थेट साडेआठला. घरी सांगून येते सातला येतो म्हणून. साडेनऊला पोचल्यावर पुढच्या रविवारी कोण सोडेल?

आमच्या तीन पोरी खेळ सोडून गेल्या. एकीचाही पाय मोडला नव्हता की लग्न ठरलं नव्हतं. बस चुकली, घरी भांडण झालं, बंद.

मलप्रभाकाठ
लेफ्टबॅक, शाब्बास गे. आम्ही काठावर बसून महिने मोजतोय आणि तू घड्याळ दाखवलंस.

सासर_चंदगड
बसवरून आठवलं. कर्नाटकात 11 जून 2023 पासून शक्ती योजना लागू झाली, बायकांना साध्या सरकारी बसचा प्रवास फुकट. त्याआधी माझ्या बहिणीच्या मुलीला प्रॅक्टिसला आठवड्यातून दोनदाच पाठवायचे, तिकिटाचे पैसे मोजून. नंतर रोज जाऊ लागली. योजनेवर राजकारण करणाऱ्यांनी खुशाल करावं, पण आपल्या भागातल्या मुलींच्या फुटबॉलला ह्या एका गोष्टीनं जितकी मदत केली तितकी कुठल्या चषकानं केली नाही.

निपाणीकर
आणि त्याच वर्षी मार्चपासून महाराष्ट्रात एसटीला बायकांना अर्धं तिकीट. आमच्या पोरी कोल्हापूरला मैत्रीपूर्ण सामना खेळायला गेल्या तेव्हा हिशोब असा केला: कर्नाटकात कोगनोळीपर्यंत फुकट, पुढं महाराष्ट्रात कागलपासून अर्धं. मधलं दूधगंगेवरचं चालत गेलं तर किती वाचतील, ह्यावर आमची गोलकीपर आणि मॅनेजर ह्यांच्यात गंभीर चर्चा झाली.

कुंदाप्रेमी
सीमाप्रश्नाचं इतकं स्वस्त उत्तर आजवर कुणी दिलं नव्हतं.

अॅडमिन_दादा
सीमाप्रश्नाला दुसरा धागा आहे. इथं फुटबॉल.

कुंदाप्रेमी
दादा, बॉलला सीमा आहेत की. टचलाइन :-)

गुडघेदुखी_फिजिओ
ऋतूबद्दल थोडं माझ्या बाजूनं. आपल्याकडची बहुतेक ग्राउंडं तांबड्या मातीची. पावसात चिकट, आणि फेब्रुवारी संपला की फरशीसारखी कडक, त्यावर बारीक खडी. एसीएल, म्हणजे गुडघ्यातली आतली दोरी तुटायचं प्रमाण मुलांपेक्षा मुलींमध्ये बरंच जास्त आहे, हे जगभर दिसलेलं आहे. कारणं अनेक सांगतात: पायांची ठेवण, स्नायूंची ताकद, उडी मारून उतरायची पद्धत, मुलांच्या मापाचे बूट. आपल्याकडं अजून एक जोडा: वॉर्मअपला वेळच नसतो, कारण पोरी बसमधून उतरतात त्या सरळ ग्राउंडात.

फिफानं तयार केलेला '11 प्लस' नावाचा वॉर्मअप आहे. 15 व्यायाम, साधारण 20 मिनिटं, बॉल सोडून काही साहित्य लागत नाही. आठवड्यातून निदान दोनदा केला तर दुखापती चांगल्याच कमी होतात. बैठकीत महिना कुठलाही ठरो, मॅचच्या वेळेआधी ही वीस मिनिटं वेळापत्रकात लिहून घ्या. तोंडी सांगितलेला वॉर्मअप कुणी करत नाही. आणि मार्चच्या कडक ग्राउंडवर तर अजिबात लीग नको.

लेफ्टबॅक_खानापूर
मुलांच्या मापाचे बूट! माझे भावाचे आहेत, पुढं कापूस घातलाय.

गुडघेदुखी_फिजिओ
काढ तो कापूस आधी.

जुनी_खेळाडू_कॅम्प
मी 80 च्या दशकात खेळले. तेव्हा लीगबिग काही नव्हतं. कॅम्पातल्या ग्राउंडवर मुलांना एक खेळाडू कमी पडला की आम्हाला घेत, आणि आम्ही चांगलं खेळलो की दुसऱ्या दिवशी घेत नसत. घरी 'हॉकीला जाते' म्हणून सांगायचे. हॉकी कशी काय चालायची आणि फुटबॉल का नाही, हे आईला कधी विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर हॉकीपण गेली असती.

आजच्या पोरींना वाटतं मुलींचं फुटबॉल आता कुठं सुरू झालंय. 1980 साली कालिकतला आशियाई स्पर्धा झाली, त्यात भारताच्या बायका अंतिम फेरीत होत्या. 1983 ला बँकॉकला परत अंतिम फेरीत, थायलंडकडून हरल्या. मग सगळं थंड. 5 जुलै 2025 ला त्याच थायलंडला त्यांच्याच चियांग माईमध्ये 2-1 हरवून आपण 2026 च्या ऑस्ट्रेलियातल्या आशियाई चषकाला पात्र ठरलो. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. मी ती मॅच नातीच्या मोबाईलवर बघितली. नात म्हणाली, "आज्जी, रडूलालीस काय?" मी म्हटलं, कांदा चिरलाय.

मलप्रभाकाठ
आज्जी, तुमच्यावर वेगळा धागा पाहिजे. सिरियसली.

येळ्ळूरची_आत्या
+1. पण आधी माझी बैठक होऊ दे!

बेंगळूर_रिटर्न
थोडं वेगळं मत. तुम्ही सगळे सोयीचा हंगाम शोधताय. पण पोरींना पुढं न्यायचं असेल तर हंगाम राज्याच्या आणि देशाच्या कॅलेंडरला जुळला पाहिजे. शाळांच्या सुब्रतो कपमध्ये 17 वर्षांखालच्या मुलींचा गट आहे, त्याच्या आधीच्या फेऱ्या पावसाळ्यातच येतात. वरिष्ठ महिलांची राष्ट्रीय स्पर्धा आता राजमाता जिजाबाई ट्रॉफी म्हणून ओळखली जाते. निदान नावासाठी तरी आपल्या पोरी तिथं दिसाव्यात की नाही? त्यासाठी राज्य संघात निवड व्हायला पाहिजे, आणि निवड करणारे बेंगळूरला. बेंगळूरच्याच किकस्टार्ट क्लबनं 2023 ला इंडियन विमेन्स लीगची फायनल गाठली, अहमदाबादला. गोकुलम केरळाकडून 5-0 हरले, पण पोचले तर खरे. त्या पातळीवर जायचं तर आठवड्याला एक मॅच आणि उरलेले दिवस मसूर निवडणं, असं चालत नाही.

मलप्रभाकाठ
मसूर निवडणं मध्येच कुठून आलं? आणि बेळगावहून बेंगळूर पाचशे किलोमीटर. राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रभर जायचं, सकाळी ट्रायल, रात्री परत. बरोबर पालक पाहिजेत, म्हणजे एका पोरीमागं एकाची दोन दिवसांची मजुरी बुडाली. कोल्हापूर आणि पणजी दोन्ही आम्हाला शंभर-सव्वाशेच्या आत. पण नोंदणी कर्नाटकातली, त्यामुळं तिकडं नुसती मैत्री.

बेंगळूर_रिटर्न
मसूरवाला शेरा मागे घेतो, चुकलं. येळ्ळूरचा मसूर आणि बासमती दोन्ही आमच्या घरी आवडीनं खातात. पण मुद्दा सोडत नाही. इंडियन विमेन्स लीगसुद्धा आधी एकाच गावात सगळे संघ गोळा करून उरकायचे. 2023-24 ला सात संघ करून घरच्या आणि बाहेरच्या मैदानावर खेळवली, तेव्हा हंगाम कित्येक महिने चालला आणि खेळाडूंना खऱ्या मॅचेस मिळाल्या. लीगचा जीव लांबीत आहे. तुमचे 30 सामने कमी करू नका.

सासर_चंदगड
कोल्हापूरचं उदाहरण बघा. तिथं तालमींच्या संघांचा हंगाम म्हटलं की शाहू स्टेडियम भरलेलं, पाटाकडील विरुद्ध दिलबहार असली मॅच असेल तर दुकानं लवकर बंद. तारखा बदलल्या तरी लोक येतात. आणि एफसी कोल्हापूर सिटीचा मुलींचा संघ इंडियन विमेन्स लीगमध्ये खेळलेला आहे, लुधियानाला आणि नंतर बेंगळूरला. त्या पोरींना शाहू स्टेडियमवरच्या त्या गर्दीतले किती जण ओळखत असतील? मी नवऱ्याला विचारलं. तो पाटाकडीलचा कट्टर. म्हणाला, "मुलींचा संघ? कधी?"

पंचकाका
भाषेवरून एक आठवण, अवांतर आहे, चालवून घ्या. एका मॅचला आमच्याकडचा संघ मराठी बोलणारा आणि समोरचा गोकाक बाजूचा कन्नड. त्यांची डिफेंडर ओरडायची "हिंद नोड, हिंद नोड!" म्हणजे मागं बघ. आमच्या पोरींना कन्नड कळतं, त्यामुळं त्यांनी पण मागं बघायला सुरुवात केली. अर्धा तास सगळं ग्राउंड मागं बघत खेळत होतं. हाफटाइमला दोन्ही कॅप्टन एकमेकींजवळ बसून हसत होत्या.

लेफ्टबॅक_खानापूर
काका, ती मॅच आमची. "लगू बा" पण आम्ही त्यांच्याकडूनच उचललं. आता आमच्यात कुणी मराठीत 'लवकर ये' म्हणतच नाही, तोपर्यंत बॉल निघून जातो.

तिसरा_गेट
मी मघापासून गप्प बसून वाचतोय (मार खाल्ला ना पहिल्यांदा). तर सगळ्यांचं ऐकून असं वाटतं, की दुपारी चारऐवजी सकाळ का नाही? रविवारी सकाळी आठला मॅच, दहाला मोकळ्या. बस भरपूर, उजेड भरपूर. फिजिओताईंची वीस मिनिटं साडेसातला बसतात. मग महिना जरा मागंपुढं झाला तरी चालेल.

निपाणीकर
आमच्याकडून आठला बेळगावात पोचायचं तर पहाटे साडेपाचला निघायचं. पण संध्याकाळच्या अंधारापेक्षा पहाटेचा अंधार घरच्यांना चालतो, हे मात्र खरं. पोरगी उजेडाकडं चाललेली असते ना. लांबच्या संघांना दहाची दुसरी मॅच द्या.

मलप्रभाकाठ
लावणीचे तीन आठवडे आणि कापणीचे दोन आठवडे सरळ सुट्टी जाहीर करा. मॅच लावून वॉकओव्हर देण्यापेक्षा ते बरं. पोरगी गैरहजर म्हणून तिचं नाव खराब होत नाही.

पंचकाका
सकाळ उत्तम. फक्त रविवार सकाळ म्हणजे क्रिकेटवाले. ते सहालाच येऊन स्टंप रोवतात. त्यांना उठवणार कोण? तोंडी बोलून उपयोग नाही, ग्राउंड ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्याकडं आधी लेखी अर्ज पाहिजे, तोही मुलांच्या लीगच्या तारखा लागायच्या आत. गेल्या वेळी आम्ही मे महिन्यात गेलो, तेव्हा वही भरलेली होती. पहिल्या पानावर टेनिसबॉल.

येळ्ळूरची_आत्या
माझं उत्तर मिळालं बहुतेक. बैठकीत सांगायचं ते लिहून काढलं:
ऑगस्टच्या शेवटी सुरू, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बंद. गणपती, कापणी आणि अधिवेशनाला मध्ये सुट्टी. मॅचेस रविवारी सकाळी, जवळच्यांच्या आठला, लांबच्यांच्या दहाला. वॉर्मअप वेळापत्रकात छापायचा. आणि मुलांच्या तारखा लागायच्या आधी मुलींच्या. हे शेवटचं मी पहिलं म्हणून वाचणार आहे.

बेंगळूर_रिटर्न, सामने 30 च ठेवले, काळजी नसावी. आठवड्याला दोन म्हणजे 15 रविवार लागतात, सुट्ट्या धरून बसतंय. भाचीकडून हिशोब तपासून घेतला. ती म्हणाली, आत्या, ऑफसाइडपेक्षा हे बरं जमलं तुला.

आता अर्ज. तो कन्नडमध्ये लागणार, मला बोलता येतं पण सरकारी कन्नड लिहायला जमत नाही.

बेंगळूर_रिटर्न
कन्नड मी लिहितो. शुक्रवारपर्यंत देतो.

जुनी_खेळाडू_कॅम्प
सहीला मी येते. पांढरे केस बघून खुर्ची तरी देतात.

कुंदाप्रेमी
मी आपला बेळगावचा गोड कुंदा आणतो. क्रिकेटवाल्यांसाठी.

लेफ्टबॅक_खानापूर
आणि फक्की?

तिसरा_गेट
फक्की माझ्याकडं लागली. सकाळी सातला ग्राउंडवर असतो. खरंच.